रावजीची बोटं, भागोजीचा दम

भागोजी वाजंत्र्यानं जन्मभर एकच स्वर वाजवला. दुसरा त्याला येतच नव्हता. सोमजाईच्या देवळात सकाळ-संध्याकाळ सनई वाजायची, आणि सनई कधी एकटी नसते. एकानं गाणं वाजवायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या शेजारी बसून दुसऱ्या नळीवर नुसता सूर धरायचा. वाजंत्र्यांच्या घरात रीत ठरलेली होती: थोरल्याला सनई, धाकट्याला सूर. रावजी आधी जन्मला आणि भागोजी मागून, एवढ्यावर दोघांच्या आयुष्याचा निकाल लागला.

सनई आणि सूर, दोन्ही नळ्या त्यांच्या पणज्यानं एकाच शिसवी ओंडक्यातून कोरलेल्या. हात लागून लागून लाकूड काळं कुळकुळीत झालं होतं. सुराच्या नळीची भोकं पणज्यानंच मेणानं बुजवून टाकली होती, म्हणजे धाकट्याला मोह व्हायला नको. माणसं दूरदर्शी असतात ती अशी.

सूर धरणं म्हणजे काय, हे ज्यानं धरलाय त्यालाच ठाऊक. गालात वारा साठवायचा, तो नळीत सोडता सोडता नाकानं नवा घ्यायचा, आणि आवाजाला चीर म्हणून पडू द्यायची नाही. त्या सुरावर रावजी सनईतून मजेत फिरून यायचा, थांबायचा, दम घ्यायचा, गावकऱ्यांची मान डोलली की डोळ्यांनी हसायचा. भागोजीला थांबायची सोय नव्हती. त्याचे गाल फुगलेले, डोळे लाल, आणि पोरं त्याला बेडूक म्हणायची. तरी तो आनंदात होता. दादाची सनई जगात सर्वांत जवळून ऐकणारा माणूस आपण, असं त्याला वाटायचं, आणि ते खरंच होतं.

हे गाव तळे गावाच्या डोंगरातून खाली उतरलं की लागतं, खाडीच्या काठाला. खाली दिघीपर्यंत पडाव, म्हणजे मालाची होडकी, जायचे. देवळाच्या दरवाजावर लाकडी नगारखाना होता. दोघे भाऊ त्यात चढून बसायचे आणि खाली मंडपात अंबाजी गुरव नगारा वाजवायचा. वर कोण कसं बसलंय ते खालून दिसत नसे. पुढची गोष्ट घडली ती त्यामुळंच.

एकोणीसशे चौतीसच्या भादव्यात रावजीच्या खोकल्यातून रक्त आलं. मुरूडच्या डॉक्टरनं क्षय सांगितला आणि सनई बंद करा म्हणाला. रावजीनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या सकाळी नगारखान्यात जाऊन बसला. पहिल्याच फुंकेला सनईतून रक्ताचा थेंब गळला. भागोजीनं तो धोतरानं पुसला. त्या सकाळी देवीपुढं नुसता सूर वाजला.

आरती झाल्यावर खोत जिन्याखाली येऊन उभे राहिले. रामचंद्र खोत देवळाचे मुख्य पंच, मुंबईला जाऊन-येऊन असलेले. तिथल्या लग्नात पाहिलेला पितळी बाजा त्यांच्या डोक्यात बसला होता. लाल डगले, चकचकीत कर्णे, चालताना एका तालात पडणारे पाय.

"रावजी, होत नसेल तर सांग," ते म्हणाले. "चैत्राच्या जत्रेला मी बाजा आणतो. देवीची सेवा काही तुझ्यापायी अडायची नाही."

"होतंय की," रावजी वरूनच म्हणाला. "पत्ती फुटली व्हती. सांजच्याला ऐका."

पत्ती म्हणजे सनईच्या तोंडाशी बसवलेली ताडाच्या पानाची जीभ. ती केव्हाही फुटू शकते, त्यामुळं वाजंत्र्याला कधीही कामाला येणारी ती सबब आहे. घरी येऊन रावजीनं सनई भागोजीच्या हातात दिली.

"वाजव."

भागोजीला सगळं पाठ होतं. कोणती जागा कुठून उचलायची, उतरताना कुठं रेंगाळायचं, सगळं कानात होतं. पण बोटांना यातलं काही कळवलेलंच नव्हतं. बोटं जन्मभर नळी धरून होती. ती उचलली की किंचाळी निघायची, ठेवली की भलताच स्वर. दिवस कलला तरी तो तसाच झगडत होता, आणि रावजी आधी चिडला, मग हसला, मग भिंतीकडं तोंड करून पडला. भागोजीला तेव्हा पणज्याचा इतका राग आला की ती सनई चुलीत घालावी असं वाटलं.

"दादा, मला येत न्हाय," तो म्हणाला. "मी गाढव हाय. ऱ्हाऊ दे. आनू दे त्यास्नी बाजा."

रावजी उठला. तो भागोजीच्या मागं येऊन बसला, त्याच्या काखेखालून दोन्ही हात पुढं घातले आणि त्याची बोटं एकेक करून भोकांवर ठेवू लागला. लहानपणी बाप रावजीला असंच शिकवायचा. दोन-तीनदा झालं, चौथ्यांदा रावजीनं वैतागून भावाची बोटं बाजूला सारली आणि स्वतःची ठेवली.

"तू फकस्त फुंक."

भागोजीनं फुंकलं, आणि दादाची सनई वाजली. तीच चाल, तीच रेंगाळणारी जागा. स्वयंपाकघरातून रावजीची बायको केसर बाहेर आली ती दाराला धरून उभीच राहिली.

त्या संध्याकाळपासून नगारखान्यात दोन भावांची मिळून एक सनई वाजू लागली. भागोजी दम पुरवायचा, रावजी मागून बोटं चालवायचा. रावजीची हनुवटी त्याच्या खांद्यावर असायची, छाती पाठीला टेकलेली. छातीतली घरघर भागोजीला आधी पाठीत जाणवायची आणि मग कानाला ऐकू यायची. खोकला येतोय असं वाटलं की तो स्वर लांबवायचा, म्हणजे रावजीला बोटं स्थिर ठेवून तोंड फिरवता यावं.

सूर धरायला मात्र कुणी उरलं नाही. कुणी विचारलं तर नळी तडकली म्हणून सांगायचं, असं भागोजीनं मनाशी ठरवून ठेवलं. कुणी विचारलंच नाही. वीस-पंचवीस वर्षं ज्या माणसानं गाल फाटेस्तोवर सूर धरला, तो बंद झाल्याचं अख्ख्या गावाला कळलं नाही. खोत तर म्हणाले, अलीकडं सनई जास्त मोकळी वाजते. भागोजीला हे फार लागलं. एक केसरवैनी मात्र जेवायला वाढताना म्हणाली, "भावजी, तुमच्या सुराबिगर सनई उघडी पडल्यागत वाटते." त्या एका वाक्यावर त्यानं तो हिवाळा काढला.

माघ सरला आणि रावजीला जिना चढवेना. भागोजी त्याला पहाटे पाठुंगळी घेऊन वर नेऊ लागला. दर आठवड्याला ओझं हलकं होत होतं. हलकं झालं म्हणून रडू येणारं ओझं दुसरं कुठलं असेल असं वाटत नाही.

आणि चैत्राची जत्रा समोर येऊन ठाकली. त्या दिवशी देवीची पालखी देवळातून निघून खाडीवर स्नानाला जाते. पहिला मुक्काम वाजंत्र्यांच्या दारात. तिथं ओटीवर बसून सनई वाजवायची, घरातल्या बाईनं देवीला ओवाळायचं, आणि तिथून सनईनं पालखीच्या पुढं चालत खाडी गाठायची. दिवसाउजेडी, साऱ्या गावादेखत. नगारखान्यातली युक्ती तिथं चालणार नव्हती.

"आपलं बिंग फुटंल," भागोजी म्हणाला.

"फुटू दे." रावजीचा आवाज आता कुजबुजीइतकाच उरला होता. "दारातलं आपुन दोघं वाजवू. बघतील तर बघू देत. फुडं तू एकटा चाल. पत्ती फुटली म्हन आन् सूर धरून जा खाडीवर. माझ्या हयातीत आईच्या म्होरं दुसऱ्याचा बाजा नको, भाग्या. मागाहून आना काय आनायचं त्ये."

जत्रेच्या सकाळी रावजीला ओटीवर भिंतीशी बसवला. केसरनं त्याला स्वच्छ सदरा घातला, डोक्याला फेटा बांधला. पालखी आली. अंबाजी गळ्यात नगारा अडकवून पुढं, खोत बाजूला, मागं सगळं गाव. पालखी दारात टेकवली. भागोजी भावाच्या पुढं बसला, रावजीचे हात त्याच्या काखेखालून आले आणि बोटं सनईवर बसली.

लोकांत चुळबुळ झाली. कुणी म्हणालं, हे काय. खोत पुढं झाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. जागच्या जागी थांबले ते. सनई सुरू झाली होती.

रावजीनं इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं, असं सांगितलं तर खोटं होईल. बोटं जड होती, दोन जागा चुकल्या. पण भागोजीला त्याची पर्वा नव्हती. तो फुंकत होता आणि पाठीवर घरघर ऐकत होता. केसर ताम्हन घेऊन देवीला ओवाळत होती. चाल उतरणीला लागली, ती रेंगाळायची जागा आली. रावजी तिथं रेंगाळला आणि पुढं सरकलाच नाही.

भागोजीनं वाट पाहिली. पाठीवरची घरघर थांबली होती. हनुवटी खांद्यावरून घसरली आणि सगळं ओझं त्याच्या पाठीवर आलं. बोटं भोकांवरून सुटायला लागली.

त्याला कळलं. आणि कळलं त्याच क्षणी दुसरंही कळलं, की देवीची पालखी दारात उभी आहे. आत्ता कुणी म्हणालं की माणूस गेला, की सुतक लागलं, पालखी विटाळली, जत्रा मोडली. वाजंत्र्यांच्या घरानं आईला विटाळ केला असं नातवंडापतवंडांपर्यंत बोललं जाईल, आणि दादाचं नाव निघेल ते एवढ्यासाठीच निघेल. जोवर सनई वाजतेय तोवर रावजी गेलेला नाही.

त्यानं आपले तळहात भावाच्या बोटांवर ठेवले आणि सगळी भोकं गच्च दाबून धरली. सनईतून खालचा एकच स्वर निघाला. तो त्याला येत होता. गालात वारा भरून, नाकानं श्वास घेत, त्यानं तो धरला.

केसरनं वळून पाहिलं. दिराचे डोळे पाहिले, त्याच्या हाताखालची नवऱ्याची बोटं पाहिली. ताम्हनातली वात हलली. मग तिनं ताम्हन खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि खोतांकडं बघून म्हणाली, "ओवाळून झालं. आईला ऊन लागंल. तुमी व्हा फुडं, भावजी येतील मागनं."

खोतांनी एकदा ओटीकडं पाहिलं. त्यांना काय उमगलं, काय नाही, ते त्यांनी पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही. त्यांनी भोयांना हात केला. पालखी उठली. अंबाजीनं नगाऱ्यावर टिपरी टाकली आणि गाव वळणावरून खाडीकडं उतरायला लागलं. जाता जाता एक म्हातारी म्हणाली, "सूर बाकी झ्याक धरलाय हो आज."

भागोजीनं तो सोडला नाही. गाल फाटत होते, डोळ्यांतून पाणी वाहून सनईवर गळत होतं, पाठीवर भाऊ गार पडत होता. नगारा आंबराईपाशी गेला, मग बंधाऱ्यावर गेला, मग वाऱ्याबरोबर तुटक तुटक ऐकू येऊ लागला. केसर उंबऱ्यात पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती आणि त्याच्या तोंडाकडं बघत होती.

खाडीवरून लोकांचा गलका उठला. देवीला पाणी लागलं होतं. तेव्हा भागोजीनं सनई तोंडातून काढली, आणि केसरनं हंबरडा फोडला.