पंचांच्या जेवणाची पाळी

आमच्या पेठेचा फुटबॉल संघ सांगलीत मोठा समजला जातो. कप तर त्यांनी ढीगभर जिंकलेत, पण तेवढ्यावर भागत नाही. मैदानाला लागून असलेलं मंडळाचं ऑफिस त्यांचं, लाउडस्पीकर त्यांचा, दरवर्षीची स्पर्धा भरवणारे ते आणि त्यात खेळणारेही तेच. माझा नवरा याच पेठेत लहानाचा मोठा झाला. हळदीच्या पेढीवर कामाला आहे, पण मॅच असली की दुपारी तीनला त्याचं डोकं दुखायला लागतं. पेढीच्या मालकाचंही त्याच वेळेला दुखतं, म्हणून नोकरी टिकली आहे.

माझं माहेर उंब्रजचं. तिथं हायवेला लागून माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, टायरचं दुकान आहे. दादा फौजेत होता. फुटबॉल पलटणीत शिकला आणि पेन्शनीत आल्यावर त्यानं गावात संघ काढला. ट्रॅक्टरवरचे ड्रायव्हर, गॅरेजवाले, कऱ्हाडला कॉलेजला जाणारी पोरं असा तो संघ. दरवर्षी सगळे टेंपोत बसून सांगलीला येतात आणि कुठल्या ना कुठल्या फेरीत आमच्या पेठेकडून हरून परत जातात. म्हणजे नवरा जिंकतो, भाऊ हरतो आणि संध्याकाळी दोघांना चहा मी करते.

दादाचं म्हणणं दरवर्षी एकच. पंच मोठ्यांच्या बाजूनं असतात. त्याच्याकडं दाखले तयार असायचे. पेठेच्या कॅप्टननं वाद घातला की पंच त्याच्या खांद्यावर हात टाकून, नावानं हाक मारून समजावतो. आमच्या पोरानं नुसतं तोंड उघडलं की पिवळं कार्ड. पेठेचा खेळाडू पडला की शिट्टी, आमचा पडला की "ए सात नंबर, ऊठ, नाटक नको". एका वर्षी आमची पोरं एका गोलनं पुढं होती. त्या दिवशी पंचाचं घड्याळ जे चालू राहिलं ते पेठेचा गोल होईपर्यंत चालूच राहिलं. गोल झाला आणि अर्ध्या मिनिटात मॅच संपली. ही गोष्ट दादानं मला इतक्या वेळा सांगितली आहे की कुठं थांबून पाणी पिणार तेही मला पाठ आहे.

आणि खरं सांगते, मला त्याचा कंटाळा आला होता. माझी जीभ आधीच तिखट. नवरा म्हणायचा, तुझ्या भावाला हरल्यावर दोष द्यायला दरवर्षी एक माणूस लागतो. मी हसायचे. दादाच्या घरीसुद्धा हेच. वहिनी म्हणायची, ह्यांना झोपेतबी रेफरी दिसतोय. त्याची लेक तर त्याची नक्कल करायची आणि सगळे हसायचे. दादाही हसायचा. त्याचं त्या हसण्यात काय होत असेल, हा विचार मी कधी केला नाही.

आता पाळीचं सांगते, कारण सगळं तिथून झालं. स्पर्धेसाठी पंच बाहेरगावचे बोलावतात, दोघे-तिघे ठरलेले. लाइनमन इथलेच, ते आपापल्या घरी जेवतात. बाहेरून आलेल्या पंचाचं दुपारचं जेवण मात्र पेठेतली घरं पाळीपाळीनं करतात. ही जुनी रीत आहे. हॉटेलात जेवायला पाठवणं पेठेला कमीपणाचं वाटतं. आमची पाळी बहुतेक पहिल्या आठवड्यात येते, ओळख नसलेल्या दोन संघांच्या मॅचला.

गेल्या वर्षी उंब्रजचा संघ सेमीफायनलला पोचला. समोर आमची पेठ. त्या आठवड्यात दादाचा फोन आला.

"आगं, दाजींना सांगून तुमची पाळी त्या दिवशी घे."

"कशाला? पंचाला जेवण घालून फितवणार व्हय रं?"

"फितवायला काय, येका ताटात कोन फितूर हुतंय? दरसाली त्यो माणूस जेवतोय त्यांच्यात, हसतोय त्यांच्यात. त्यांची पोरं त्येला नावानं ठावं हायती. आमी म्हंजे नुसतं नंबर. येकदा माज्या शेजारी बसून दोन घास खाऊ दे त्येला. मी बी माणूसच हाय, येवढं दिसू दे."

हे ऐकून माझ्याच्यानं नाही म्हणवेना. नवऱ्यानं कुरकुर केली, पण पाळी बदलून आणली. मेव्हण्याची अडचण त्याला मनातून गमतीची वाटत होती.

दादा त्या दिवशी सकाळी आठलाच आला. उंब्रजहून मटण घेऊन, आणि वहिनीनं कुटलेला मसाला डब्यात घालून. मी तांबडा रस्सा केला, भाकरी थापल्या. अकराच्या सुमाराला पंच आले. पन्नाशीचा, सडपातळ, शांत माणूस, एका शाळेत खेळाचा शिक्षक; पेठेतला जुना पाहुणा, पण आमच्याकडं पहिल्यांदाच. हातपाय धुऊन पाटावर बसले, ताटाकडं बघितलं आणि अवघडून म्हणाले, "वहिनी, माझा गुरुवार असतो."

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. वार बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी गडबडीनं पिठलं टाकलं, मिरचीचा ठेचा होताच. ते मटण पेठेचा कट्टर समर्थक असलेल्या माझ्या नवऱ्यानं आडवा हात मारून संपवलं. दादा पंचांच्या शेजारी बसून पिठलं-भाकरी खात होता, त्यांना वाढायला मला डोळ्यानं खुणावत होता. उंब्रजचा संघ याचाच, ही ओळख नवऱ्यानं करून दिली होती, पण दादा मॅचबद्दल एक अक्षर बोलला नाही. पलटणीतल्या गोष्टी काढल्या, बर्फात बॉल कसा दगड व्हायचा ते सांगितलं. पंच मोकळे हसले. जाताना म्हणाले, "फार दिवसांनी अशी पिठलं-भाकरी खाल्ली." दादाचं तोंड एवढं उजळलं की मला त्याची कीव आली.

चारला मॅच सुरू झाली. मी पायऱ्यांवर बायकांच्यात बसले होते, एका बाजूला नवरा. पहिल्या दहा मिनिटांतच पंचांनी आमच्या उंब्रजच्या पोरांविरुद्ध तीन फ्री किक दिल्या. मग एक पिवळं कार्ड. थ्रो कुणाचा हे जिथं कळत नव्हतं तिथं प्रत्येक वेळी हात पेठेच्या बाजूला. मध्यंतरात नवराच म्हणाला, "आज पंच तुमच्यावर जरा जास्तच तापलाय." मी म्हटलं, खेळा की नीट, म्हणजे तापणार नाही. हे मी दादाच्या पोरांना उद्देशून म्हटलं होतं, माझ्याच माहेरच्या.

शेवटची पाच मिनिटं राहिली तरी गोल नव्हता. बरोबरी राहिली असती तर टायब्रेकर झाला असता आणि त्यात उंब्रजचा गोलकीपर कुणाला ऐकत नाही. दादा लाइनीजवळ उकिडवा बसला होता. तेवढ्यात पेठेच्या पोरानं जोरात फटका मारला, तो आमच्या बॅकच्या अंगावर आदळला आणि शिट्टी वाजली. हँडबॉल. पेनल्टी. आमची पोरं पंचांभोवती गोळा झाली. दादानं लाइन ओलांडली नाही. तो उभा राहिला, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. पेठेनं गोल केला, फटाके लागले, मॅच संपली.

बॉल हाताला लागला का छातीला, मला इतक्या लांबून दिसलं नव्हतं. नवरा म्हणाला, हातालाच. मी मान डोलावली.

दादानं पोरांना टेंपोतून पुढं पाठवलं. स्वतः मागं राहिला, कारण मी त्याचा हात धरून घरी आणला. चहा दिला, घेतला नाही. साडेसहा वाजले असतील. खाटेवर बसून हळू म्हणाला, "ताटात वाढल्यालं बी उपेगी आलं न्हाई बग."

आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "दादा, बास आता. दरवर्षी पंच, दरवर्षी पंच. एकदा तरी म्हण की आमी हरलो. जेवूबिवू घालून झालं, आता अजून काय करायचं त्या माणसानं? तुला सगळे हसतात ते उगाच हसतात व्हय?"

नवरासुद्धा म्हणाला, "आगं, राहू दे." दादा उठला आणि उंबऱ्यात बसून बूट घालायला लागला. त्याच्या बोटांना नाडी सापडत नव्हती. मी त्याला थांब म्हणायला पाहिजे होतं. पण राग होता, नाही म्हटलं.

एक बूट पायात गेला होता, तेवढ्यात दारात पंच आले. खांद्याला किटची बॅग, स्टँडवर निघालेले. चपला काढल्या नाहीत, आतही आले नाहीत. दादाच्या समोर उभे राहिले.

"ऑफिसात मोबाइलवर त्या हँडबॉलची क्लिप बघितली परत," ते म्हणाले. "तीनदा बघितली. बॉल छातीला लागला होता. हात मागं होते त्या पोराचे. माझं चुकलं, हे सांगायला आलो."

दादानं हातातला दुसरा बूट खाली ठेवला.

"आणि नुसती चूक असती तर आलोही नसतो," पंच म्हणाले. "चुका होतात. पण बॉल लागला आणि माझ्या मनात आलं, आता नाही दिली तर लोक म्हणतील, दुपारी त्यांच्याकडं जेवला म्हणून सोडली. जेवल्यापासून तेच डोक्यात होतं. तुमच्या घरचं खाल्लं म्हणून मी आज तुमच्यावरच जास्त कडक राहिलो. शिट्टी आधी वाजली, बघितलं मी नंतर."

नवऱ्यानं टीव्ही बंद केला. दादानं मग कसलाही राग नसलेल्या आवाजात, खरोखर माहिती हवी असल्यागत, विचारलं, "साहेब, येक इचारू? तुमी पेठेत धा वर्सं जेवताय. त्यांच्यात जेवून आल्यावर बी असंच त्यांच्यावर कडक व्हता का वो?"

 पंचांनी बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. माझ्या नवऱ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"नाही," ते म्हणाले. "तिथं जेवल्यावर असं कधी मनातच आलं नाही. आज पहिल्यांदा कळतंय."

दादानं मान हलवली. पंचांनी हात जोडले, दादानंही जोडले, "गाडी चुकंल, जावा" म्हणाला. ते गेले. निकाल काही बदलणार नव्हता. फायनलला पेठच जाणार होती, आणि दोन दिवसांनी गेलीच.

मी उंबऱ्यात दादाच्या शेजारी बसले. एवढी बारा-तेरा वर्षं तो सांगत होता आणि मी त्याची बहीण असून ऐकलं नव्हतं. पाठच्या बहिणीनं ऐकायचं नाही तर कुणी ऐकायचं? मला लाज वाटत होती, रडूही येत होतं. मी म्हणाले, "दादा, चुकलं माझं. तू खरं सांगत होतास."

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचा तसा, सगळा भार टाकून.

"तुजं काय चुकलं गं," तो म्हणाला. "तुमी समदी हसायला लागल्यावर मला बी वाटाय लागलं हुतं, मलाच याड लागलंय."