वय सज्ञान, धंदा मेंढपाळ

आमच्या गावची ख्रिस्ती मंडळी म्हणजे पत्र्याच्या एका खोलीत रविवारी जमणारी अकरा घरं. तिथं ‘करार’ हा शब्द फार चालतो. जुना करार, नवा करार, आणि पाळकसाहेबांच्या प्रवचनात तर दर पाचव्या वाक्याला देवानं कोणाशी तरी करार केलेला असतो. बाबांनी हे वर्षानुवर्षं मान डोलावत ऐकलं. पण त्यांची हयात शेळ्यामेंढ्यांमागे आणि डोंगरकडा गावच्या बाजारात गेलेली. त्यांच्या लेखी करार म्हणजे बाँडपेपर. बाकी सगळ्या तोंडच्या गप्पा.

आईला शुगर होती. गेल्या वर्षी शेळ्यांमागे जाताना तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. ती कोणाला बोलली नाही आणि अंगठा काळा पडला. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, चार दिवस औषधं देऊन बघू, नाहीतर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. मावशीला तिच्यापाशी ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कळमनुरीला, माझ्या शाळेच्या फाटकाशी हजर. तोंडात तंबाखू, हातात आधार कार्ड.

“चल, तहसीलला. बाँड करायचाय.”

“कोणासंग?”

“देवासंग.”

मी मास्तर माणूस, शिकवण्याची खोड जित्याची. तहसील येईपर्यंत मी त्यांना देवाच्या कराराचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी तो सगळा ऐकून घेतला आणि चालत राहिले.

तहसीलच्या आवारात बाँड लिहिणारे गृहस्थ छत्रीखाली बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “लिहून घेणार?”

“परमेश्वर.”

“आडनाव?”

“न्हाई.”

“वय?”

“त्याला आरंभ न्हाई अन् शेवट न्हाई.”

गृहस्थांनी ‘वय सज्ञान’ लिहिलं. त्यांनी आयुष्यभर सगळ्यांचंच वय तसं लिहिलेलं होतं.

“धंदा?”

“मेंढपाळ,” बाबा म्हणाले, आणि जरा ताठ बसले. “आमचाच.”

पत्त्यात ‘राहणार सर्वत्र’ एवढं जमलं, तालुक्याचा रकाना मात्र रिकामा राहिला. मग अटी. लिहून घेणार यांनी चार दिवसांच्या मुदतीत लिहून देणाराच्या बायकोचा पाय राखावा. लिहून देणार आजपासून मरेपर्यंत तंबाखूला हात लावणार नाही. शेवटी नेहमीचं वाक्य आलं, की हा करारनामा राजीखुशीनं, कोणतीही नशा न करता लिहून दिला असे. तेवढ्यापुरतं बाबांनी उठून तोंडातली तंबाखू थुंकली, चूळ भरली आणि सही केली. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. लिहून घेणाराची सही कुठंय, असं गृहस्थांनी विचारल्यावर बाबा म्हणाले, “तो करंल सवडीनं.” आणि तंबाखूची पुडी व चुन्याची डबी त्यांच्याच टेबलावर ठेवून आले.

मी हे शाळेत रंगवून सांगितलं. सगळे पोट धरून हसले. खरं तर मी घाबरलो होतो, आणि हसवणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

रविवारी बाबांनी बाँड पाळकसाहेबांना दाखवला. पाळकसाहेबांचं देवाच्या इच्छेशी चांगलं जमतं. दुपारी जेवायला कोणाच्या घरी जायचं हेही त्यांना तीच सांगते आणि ती बहुधा मटण असलेल्या घराकडे वळते. पण त्या दिवशी ते गंभीर झाले.

“देव सार्वभौम आहे. त्याला अट घालायची नसते. करार तो करतो, आपण पाळायचा.”

“सार्वभौम म्हंजे?”

“त्याच्यावर कोणी नाही.”

“म्हंजे त्याच्या निकालावर अपील न्हाई?”

“नाही.”

बाबांनी विचार केला. “मंग तर बाँड पायजेच व्हता,” असं म्हणून त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

मंगळवारी आईचा पाय काढला.

शुद्धीवर आल्यावर तिला बाँडची हकीकत कळली. ती बाबांना म्हणाली, “पाय माझा, अन् बाँड तुमचा. मला इचारलं का एका शब्दानं?” बाबांनी मान खाली घातली. मीही घातली. साक्षीदार तर मीच होतो.

त्यानंतर बाबा तंबाखूकडे कधी वळतात याची आम्ही सगळे वाट बघत होतो. ते बडीशेप चघळत, शेळ्यांवर खेकसत, शेजाऱ्यांशी विनाकारण भांडत. आईच म्हणाली, “खा की एकदाची, तकलीफ आमाला होऊन राहिली.” पण नाही. मला मात्र त्या दिवसांत रविवारी शाळेची कामं फार निघू लागली.

महिन्याभरानं मी स्वतः पुडी घेऊन गावी गेलो. गोठ्यात ते आईसाठी कुबडीला कापड गुंडाळत बसले होते.

“बाबा, करार मोडला. त्यानं पाय राखला नाही. तुम्ही मोकळे झालात.”

“मी सोडली ती सोडली.”

“पण अट होती ना?”

“अट घातली ती माझी चुकी. पाळकसाहेब बराबर बोलले. त्यानं राखला असता तरी तो देव, न्हाई राखला तरी तोच. काय करू, दुसरा धुंडू?”

पुडी त्यांनी हातात घेतली, वास घेतला, डोळे मिटले आणि परत दिली. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. ते पुन्हा कापड गुंडाळू लागले. माझ्याकडे न बघताच म्हणाले,

“महिना झाला, तू रविवारच्या सभेला न्हाई येऊन राहिला. काहून?”

“शाळेचं काम असतं.”

“तू तर बाँड बी केला नव्हता.” त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली. “तुजी अट काय व्हती?”

“तीच,” मी म्हणालो.