टायपिस्टबाईंची तिसरी ग्रेड

टायपिस्टबाईंनी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं रिपोर्ट टाइप केले आणि तेवढ्यावर स्वतःला अर्ध्या डॉक्टर समजू लागल्या. हे त्या स्वतःच सांगायच्या. उरलेलं अर्धं आपण मोठ्या मनाने डॉक्टरांसाठी सोडलंय, असंही सांगायच्या. ओळखीच्या बायका रिपोर्ट घेऊन थेट त्यांच्या घरी यायच्या. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असला की पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्यावरून ग्रेड ठरते, आणि बाईंचा कायदा सोपा होता: पहिली ग्रेड असेल तर चहा टाकायचा, तिसरी असेल तर गप्प बसायचं.

एक दिवस धाकट्या बहिणीचाच रिपोर्ट टाइप करायला आला. तिसरी ग्रेड. बाईंनी तो एकही चूक न करता टाइप केला आणि बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडल्या. घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही, पण लपवण्याइतकी अक्कलही दाखवली नाही. भाचीला रजा काढायला लावून बोलावून घेतलं, वीस वर्षांपूर्वी ढापलेली कात्री बहिणीला परत केली आणि तिच्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हणायला लागल्या. शेवटी बहीण म्हणाली, "ताई, तू भांडत नाहीस म्हणजे मी जाणार, एवढं कळतं मला. मग डॉक्टरांनी सांगितलेलं ते ऑपरेशन तरी कशाला करायचं?"

बाईंची पाचावर धारण बसली. सकाळीच त्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी बहिणीच्या जनुकीय तपासणीचा नुकताच आलेला निकाल पुढे सरकवला. पेशी कशा दिसतात एवढ्यावर हल्ली भागत नाही, त्यांनी समजावलं. जनुकांतल्या बदलांवरून या कॅन्सरचे चार गट करतात. बहिणीचा गट दिसायला आडदांड, पण वेळेवर ऑपरेशन झालं तर त्यातल्या बहुतेकजणी बऱ्या होतात.

"अंतिम वर्गीकरण जनुकीय तपासणीनंतर, असं रिपोर्टखाली असतं की," त्या म्हणाल्या. "तुम्हीच तर टाइप करता."

खरंच होतं. गेली दोन वर्षं ती ओळ बाईंच्या बोटांना पाठ होती, डोक्याला तिचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी त्यांनी बहिणीला सगळं सांगितलं, आपल्या अर्धवट डॉक्टरकीसकट. बहीण खूप हसली, ऑपरेशनला तयारही झाली. मग एकदम गंभीर झाली.

"ताई, तुझं तोंड बघून आणखी कितीजणींनी आशा सोडली असेल गं?"

बाईंना तिसऱ्या ग्रेडचा रिपोर्ट घेऊन आलेली एक शेजारीण आठवली. तिने ऑपरेशनची तारीख रद्द केली होती, आणि बाईंनी चारचौघींत तिच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं होतं.