रोमच्या देवाचा मेंढा

टीव्हीवरच्या त्या रोमच्या मालिकेतली चूक तुम्ही पाहिली असेल. मालिका पाहिली नसली तरी चूक नक्की पाहिली असेल, कारण ती मोबाइलवरून गावोगाव फिरली. टोगा पांघरलेला रोमन पुजारी, मागे संगमरवरी देऊळ, समोर काळा मेंढा, आणि उजव्या कोपऱ्यात नऊवारी लुगड्यातली एक बाई जमिनीला डोकं टेकते आहे. रोममध्ये नऊवारी! केजच्या बसस्टँडवर माणसं एकमेकांना दाखवून पोट धरून हसली. हसोत बापडी. पण मी तिथे होतो. त्या मालिकेत हसण्यासारखी माणसं बरीच होती, त्यांत ही बाई नव्हती.

ती नांदूरघाटची रतनबाई. धनगराची, साठी उलटलेली, अंगानं वाळलेली आणि जिभेनं तिखट. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा अंगद आणि ती मिळून मेंढरं राखतात. माझं केजला कापडाचं दुकान आहे, आणि तिचं लुगडं आमच्याच दुकानातून जातं. ती कापड दातानं ओढून बघते, नाकाला लावते आणि मग आमच्या खानदानाबद्दल दोन शब्द बोलते. आम्ही ऐकून घेतो.

आमचे वडील गुरुलिंगअप्पा गल्ल्यावर बसायचे तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाईक अडून बसलं की ते सवयीनं म्हणायचे, "महादेवाची आण, रंग जाणार न्हाई." रतनबाईच्या लुगड्याचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. ती आली आणि ओलं लुगडं गल्ल्यावर आपटलं. अप्पा मुकाट्यानं दुसरं काढायला उठले, तर म्हणाली, "लुगडं राहू द्या. महादेवाचं नाव घेतलंत, त्याचं काय करता?" भर बाजाराच्या दिवशी तिनं अप्पांना देवळापर्यंत चालत नेलं आणि पिंडीसमोर चूक कबूल करायला लावली. बाजार सगळा बघत होता. त्यानंतर आमच्या दुकानात कापडासाठी कुणी देवाची आण घेतली नाही. दुसरं लुगडंही तिनं घेतलं नाही, तेच विटकं वापरलं.

अशी बाई टीव्हीच्या मालिकेत गेली कशी, तर मेंढरांमुळे.

मालिका होती तेरच्या एका व्यापाऱ्याची. तो जहाजानं माल घेऊन रोमपर्यंत पोचतो अशी कथा. तेरला रोमन काळातल्या वस्तू सापडतात, तेव्हा कल्पना काही वाईट नव्हती. पण खऱ्या रोमला जायची कंपनीची ऐपत नव्हती. म्हणून आदिनाथ नावाच्या दिग्दर्शकानं नांदूरघाटच्या वरच्या माळावर रोम उभं केलं. प्लायवूडचे खांब, थर्माकोलचा संगमरवर, आणि टोग्यांसाठी माझ्या दुकानातला मांजरपाट, तागेच्या तागे. कापड पोचवायला मी टेम्पो घेऊन जायचो आणि शूटिंग बघत रेंगाळायचो. दुकान काय, पळून जात नाही.

इतिहास बरोबर आहे की नाही हे पाहायला कंपनीनं केजच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मंजुषा मॅडमना सल्लागार म्हणून घेतलं होतं. कंपनीच्या लेखी सल्लागार म्हणजे पडद्यावर नाव द्यायचं आणि मोकळं व्हायचं. मॅडमनी ते काम खरं मानलं, तिथेच कंपनीचं कंबरडं मोडलं. रोमन मेजवानीच्या ताटात टोमॅटो दिसला, मॅडमनी काढायला लावला. युरोपानं तेव्हा टोमॅटो पाहिलाच नव्हता. मागे मका उभा होता, कॅमेरा फिरवायला लावला. मका पण अमेरिकेचा. रोमनांना पाय अडकवायची रिकीब ठाऊक नव्हती म्हणून घोड्याची रिकीब काढली, तर सेनापती सगळ्या सैन्यासमोर आडवा झाला.

"मॅडम, बघणाऱ्याला काय कळतंय?" आदिनाथसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले.

"बघणाऱ्याला कळत नाही म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "आपण दाखवू तेच तो रोम समजणार. मग आपण खोटं का दाखवायचं?"

मला हे पटलं. मला मॅडमची भांडायची रीतही आवडायची.

पुढे बळीचा प्रसंग आला. आदिनाथसाहेबांच्या डोक्यात होतं, उघडाबंब पुजारी, हातात लांब तलवार, गळा फाडून आरोळी, आणि झेंडूच्या माळा घातलेला पांढराशुभ्र मेंढा. अंगदनं कळप द्यायचं कबूल केलं होतं. कळप माळावर आला तो सगळा काळा. आमच्याकडची मेंढरं काळीच. साहेबांनी दोन पोरांना पांढऱ्या रंगाचे फवारे घेऊन पाठवलं.

रतनबाईनं काठी आडवी धरली. "रंगाचं बोट लावून तर बघा."

ज्याला रंगवायचं होतं तो मेंढा म्हणजे तिच्या कळपाचा बाप. वळलेल्या शिंगांचा, रुंद छातीचा. त्याची आई विताना मेली, तेव्हा रतनबाईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. कळपातली निम्मी कोकरं त्याची. पार आष्टीकडचे लोक त्याच्यासाठी मागणी घालून गेले होते आणि शिव्या खाऊन परतले होते. तो गेला तर कळपाचा कणाच गेला, हे अंगद स्वतः बोलायचा.

भांडण मॅडमनी मिटवलं. त्या म्हणाल्या, रोमन लोक आकाशातल्या देवांना पांढरं जनावर देत आणि जमिनीखालच्या देवांना काळं. मग व्यापाऱ्याचा भाऊ मेला असं दाखवा, बळी जमिनीखालच्या देवाला द्या, काळाच मेंढा चालेल. रंग वाचला म्हणून साहेब खूश झाले. कापायचं दाखवायचं नव्हतंच. त्याआधीच दृश्य संपणार होतं.

मग मॅडमनी तो प्रसंग मनासारखा बसवला. तलवार गेली, आरोळी गेली, झेंडू गेला, कारण झेंडूही अमेरिकेचा. मेंढ्याच्या शिंगांना लोकरीच्या वळलेल्या पट्ट्या हव्या होत्या. त्या कोण वळणार? रतनबाईनं बसल्या जागी मांडीवर वळून दिल्या. तोपर्यंत ती गालातल्या गालात हसत होती.

"मावशी, कसं काय वाटतंय?" मी विचारलं.

"पोरखेळ हाय," ती म्हणाली. "बघू तरी."

कॅमेरा सुरू झाला. पुजारी झालेल्या नटानं टोग्याचं टोक डोक्यावर घेतलं, कारण रोमन माणूस देवापुढे डोकं झाकून उभा राही. रतनबाईचं हसू थांबलं. मला हळूच म्हणाली, "डोक्यावर पदर घेतलाय की." सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं होतं, कारण रोमन विधीत वावगा शब्द पडायला नको असे. माळावर वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. जनावर ओढून आणायचं नाही, स्वखुशीनं आलं पाहिजे, हेही मॅडमनी बजावलेलं. मेंढा आपल्या पायांनी चालत आला. पुजाऱ्यानं त्याच्या कपाळावर मीठ घातलेलं पीठ टाकलं. मग वाइन म्हणून लाल पाणी डोक्यावर ओतलं.

मेंढ्यानं शिंगांपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं.

आमच्या भागात देवाला जनावर द्यायचं तर आधी त्याच्यावर पाणी घालतात आणि थांबतात. जनावरानं अंग झाडलं, तर देवानं पत्करलं. नाही झाडलं, तर पुढे हात लावायची कुणाची छाती होत नाही. आम्ही लिंगायत, आमच्यात हे नाही. पण इथे वाढलेल्या माणसाला ते ठाऊक असतंच. मी वळून पाहिलं तर रतनबाई जागेवर नव्हती. ती सरळ कॅमेऱ्यासमोर गेली होती आणि तिनं जमिनीला डोकं टेकलं होतं.

त्याच क्षणी पुजाऱ्याच्या टोग्यातला मोबाइल वाजला.

"कट!" आदिनाथसाहेब ओरडले. नटाला शिव्या, मोबाइलला शिव्या, मग बाईकडे बोट. "मावशी, बाजूला व्हा. परत घेऊ. मेंढा पुसा रे."

रतनबाई उठली आणि मेंढ्यापुढे उभी राहिली. "परत काय घेता?"

"हेच. पहिल्यापासून. पाणी, पीठ, सगळं."

"न्हाई जमायचं. देवाला इचारलं, देवानं व्हय म्हणलं. आता परत कावून इचारायचं?"

साहेब समजुतीच्या सुरात आले. "मावशी, हे नाटक आहे."

"नाटक हाय तर पाणी कावून घातलं?"

"अहो, हा तुमचा देव नाही. रोमचा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याला आता कुणी मानत पण नाही."

"मग तर तो लई दिवसाचा उपाशी असंल," रतनबाई म्हणाली. "कोणचा का असंना. त्याच्या दारात हुबं राहून इचारलंत ना?"

माणसं हसायला लागली. मला संताप आला. रोमच्या देवळासमोर फेटा सोडून टोगा नेसलेले आमच्याच भागातले लोक, आणि आपल्याच रीतीला हसत होते. अंगद पुढे आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आये, सोड की. लोक बघायलेत."

"बघू दे. तू गप."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. "सांगा तुम्ही हिला. रोममध्ये विधीत चूक झाली तर काय करायचे?"

मॅडमचा चेहरा उतरला होता. पण खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "चूक झाली तर सगळा विधी पहिल्यापासून पुन्हा करत," त्या म्हणाल्या. "नवं जनावर आणून."

"झालं तर! आणा दुसरा मेंढा!"

"दुसरा कशाला?" रतनबाईचा आवाज आता चढला. "चूक तुमच्या माणसाची. ह्यानं अंग झाडलं न्हाई का? देव काय खोटं बोलला का? आधी हे पुरं करा. कापा, न्हाई तर देवाच्या नावानं सांभाळा. मग काय दुसरं करायचं ते करा."

कापायचं नाव काढताच कंपनीची माणसं घाबरली. कायदा, पोलीस, प्राण्यांच्या संस्था, सगळं एकदम आठवलं. आदिनाथसाहेबांनी स्वतः तांब्या उचलला आणि मेंढ्याकडे निघाले. त्यांना वाटलं, पाणी एकदा पडलं की म्हातारी गप्प बसेल.

तो तांब्या मंजुषा मॅडमनी त्यांच्या हातातून काढून घेतला आणि सगळं लाल पाणी माळावर ओतून टाकलं.

"डोकं झाकायला मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "गप्प राहायला मी सांगितलं. खरं करा, खरं करा म्हणून तुमच्या मागे लागले. आज ते खरं झालंय. आता परत घ्यायचं नाही. माझं नाव काढायचं तर काढा."

रतनबाईनं मेंढ्याला प्लायवूडच्या खांबाला बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली. शिंगांवरची लोकर सरळ केली. मग कळप वळवला आणि उताराला लागली. मेंढा मागून ओरडत राहिला. तिनं मागे पाहिलं नाही. अंगद मात्र दर चार पावलांना पाहत होता.

कंपनीला त्या प्रसंगाचं एवढंच चित्रण मिळालं. आवाज नंतर भरला, बाई काढता आली नाही. मॅडमचं नाव मात्र काढलं, आणि लोक आता चूक मोजतात ती नऊवारीची.

कंपनीनं गाशा गुंडाळला तेव्हा मेंढा माझ्या टेम्पोत चढवला. नेऊन द्या म्हणाले. मलाही तेच हवं होतं. वाटलं, आता कुणी बघायला नाही, चार दिवस गेलेत, म्हातारीचा राग उतरला असेल. टेम्पो तिच्या दारात उभा केला आणि मेंढ्यानं वास ओळखला. असा ओरडायला लागला की मेंढवाड्यातली कोकरं उत्तर द्यायला लागली.

रतनबाई बाहेर आली. टेम्पोच्या मागच्या फळीकडे हात नेला होता मी.

"उतरवू नकोस, शिरशैल."

"मावशी, कंपनी गेली. देऊळसुद्धा मोडलं. प्लायवूड ट्रकमधून गेलं."

"देऊळ मोडलं म्हणून देव मोडतो का?"

"बरं, मग तुझ्या बिरोबाला सोड याला. देवाचा तो देवाकडेच राहील."

"त्या देवाला दिलेलं चोरून माझ्या देवाला देऊ? बिरोबा तोंड बघंल का माझं?"

अंगद दारात उभा होता. "आये, कळप बसंल आपला," तो म्हणाला. तो रागावला नव्हता, काकुळतीला आला होता.

"बसू दे," ती म्हणाली. "दुसऱ्याचा मेंढा मागून आणू. हात जोडू लोकांपुढं. शब्द न्हाई परत घ्यायचा."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलं नाही, लपवलंही नाही. मला म्हणावंसं वाटलं, बाई, त्या देवाचं नाव तरी तुला ठाऊक आहे का. पण अप्पांना देवळापर्यंत चालवत नेणाऱ्या बाईला मी काय शिकवणार?

मेंढा आता देवाच्या नावानं मंजुषा मॅडमच्या परसात असतो. कॉलनीनं तक्रार केली, मॅडमनी कॉलनीला दारातूनच परतवून लावलं. पण त्या दिवशी मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मी नुसती गाडी फिरवली. मेंढा फळीवर शिंगं आपटत ओरडत होता, आणि रतनबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहून त्याच्यावर ओरडत होती, "गप बस! आता तू माझा न्हाईस. गप बस!"