मधी बोट घालायचं नाय

एकदा संगणकावर स्क्रिप्ट चालू केली की बॅचवाले सर डोळे मिटून घेत. खुर्ची जरा मागे, चष्मा कपाळावर, हात पोटावर, आणि डोळे बंद. संगणकाचं काम चालू असेल तितका वेळ ते तसेच बसत. तेवढ्यात त्यांना कुणी हाक मारायची नाही, हा आमच्या खोलीतला नियम होता. मागच्या महिन्यात एका दुपारी ते असेच बसलेले असताना गेले. मी समोरच्या टेबलाशी होते, फरहाना खिडकीपाशी तिच्या जागेवर होती. त्यांना त्रास नको म्हणून आम्ही दोघी हळू आवाजात बोलत होतो. हे मी आतापर्यंत पुष्कळ लोकांना सांगितलं आहे. दर वेळी सांगून झालं की ते माझ्याच कानांना खोटं वाटतं.

गारखेड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. बिडकीनच्या बाजूच्या गावांतल्या बायकांचं रक्त तपासायचं, त्या काय खातात, बाळंतपणं कशी झाली हे विचारायचं, असं संस्थेचं काम. कार्यकर्त्या माहिती गोळा करून आणतात. तिच्यावरून तक्ते आणि निष्कर्ष काढायचं काम सरांचं, आणि त्यांच्या हाताखाली फरहाना आणि मी.

एकेक आज्ञा द्यायची आणि पडद्यावर तिचं उत्तर बघत बसायचं, ही पद्धत सरांना मान्य नव्हती. सगळ्या आज्ञा आधी ओळीने एका फाइलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, लिहायच्या, ती फाइल एका दमात चालवायची, आणि उत्तरं शेवटी दुसऱ्या फाइलमध्ये वाचायची. याला बॅच म्हणतात. सरांच्या तोंडी दिवसभर हाच शब्द. खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने तो ऐकला आणि आपल्या परीने अर्थ लावला. त्याने पाठवलेले एक गृहस्थ एकदा जिना चढून वर आले. मुलगी बारावीला होती.

‘सर, गणिताची सकाळची बॅच हाय का?’

‘हाय की,’ सर म्हणाले.

‘किती पोरं घेता?’

‘पोरं नाय. सगळ्या बायाच हायत.’

गृहस्थ गोंधळले. ‘बायांची बॅच?’

‘व्हय. लई गुणाच्या. एकदा बसवल्या की मधी एक शब्द बोलत नाय.’

फरहाना हसत हसत टेबलाखाली गेली. मग सरांनीच त्यांना बसवून चहा पाजला, खरं काय ते सांगितलं आणि ओळखीच्या एका क्लासचा पत्ता दिला. पण ‘बॅचवाले सर’ हे नाव त्यांना तेव्हापासून चिकटलं, आणि त्यांनाही ते आवडत असावं. फोनवर ते कधी कधी स्वतःच म्हणत, ‘बोला, बॅचवाले बोलतोय.’

‘मधी बोट घालायचं नाय’ हे त्यांचं वाक्य. मी नवी असताना त्याचा अर्थ विचारला होता. ते म्हणाले, ‘एकेक आकडा बघत पुढं गेलं की माणूस नको तिथं शहाणा व्हतो. आकडा मनासारखा नाय आला की हे गाव काढ, ते वय काढ. आदी ठरवायचं काय विचारायचं. मंग विचारायचं. मंग जे यील ते गप ऐकायचं. मधी बोट घालायचं नाय.’

एकदा आमचे प्रमुख डॉक्टरसाहेब सरांच्या मागे येऊन उभे राहिले. लोहाच्या गोळ्या वाटल्यानंतरचा अहवाल करायचा होता आणि एका गावात काही सुधारणा दिसत नव्हती.

‘ते एक गाव बाजूला ठेवून बघू या ना,’ साहेब म्हणाले.

सरांनी बटण दाबलं. ‘साहेब, चालू झालं.’

‘मग थांबवा.’

‘मधी थांबवता येत नाय.’

थांबवता येतं. लहान मुलालाही येईल. साहेबांना ते माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे सरांना माहीत होतं. साहेब थोडा वेळ उभे राहिले, सरांचे मिटलेले डोळे बघितले आणि हसून निघून गेले. ते गाव अहवालात राहिलं. त्या गावात गोळ्या पोचल्याच नव्हत्या, हे त्यामुळेच पुढे कळलं.

शहराचं आणि जिल्ह्याचं नाव बदललं त्या सुमाराची एक गोष्ट आहे. माहिती भरणाऱ्यांपैकी काही जण जुनं नाव लिहीत राहिले, काहींनी नवं लिहायला घेतलं. महिन्याअखेरीला सरांनी उत्तरांची फाइल उघडली तर तक्त्यात दोन निराळे जिल्हे! अर्ध्या बायका एकात, अर्ध्या दुसऱ्यात.

‘आरं बाप रे,’ सर म्हणाले, ‘पोरांनी वाटणी करून टाकली की.’

‘सर, मैं तो खाली गारखेडा लिखती,’ फरहाना म्हणाली. ‘झगडाच नहीं.’

दुसऱ्या दिवशी सरांनी नावांच्या जागी आकडे घातले. दोन्ही नावांना एकच आकडा. ‘आता कोणी काय बी म्हणा. बाया एका जागी आल्या, आपलं काम झालं.’

एरवी शांत असणारे सर एकदाच संतापलेले मी पाहिले. आमच्याकडे थोडे दिवस एक तरुण कामाला होता. त्याने स्क्रिप्टमध्ये काय छापायचं आणि काय नाही हे सांगितलंच नव्हतं. त्यामुळे आतला प्रत्येक आकडा, प्रत्येक बाईच्या नावासकट, कागदावर उतरला. प्रिंटर कागद ओकत राहिला. तो गठ्ठा कुणीतरी रद्दीत टाकला. आठवडाभरात संध्याकाळची भजी आली, ती त्याच कागदात. सरांनी एक भजं उचललं, खालचं नाव वाचलं आणि भजं परत ठेवलं. बिडकीनजवळच्या एका बाईचं नाव, वय, रक्तातलं लोह, आणि दोनदा गर्भ पडल्याची नोंद. सगळं तेलात भिजलेलं.

ते तसेच उठून कोपऱ्यावरच्या गाड्यावर गेले. मागोमाग मी. गाडेवाल्याकडे उरलेले सगळे कागद त्यांनी मागून घेतले. गाडेवाला म्हणाला, ‘क्या साब, लॉटरी का नंबर है क्या इसमें?’ सर कागद घेऊन वळले. वर आल्यावर त्या मुलाला म्हणाले, ‘घरात काय बी असतंय. दाराबाहेर काय जातंय, त्याच्यावर घर ओळखतेत. त्या बाईनं तुला इस्वासानं सांगितलं. तू तिला भज्याखाली आथरली.’ मुलगा रडायला लागला, तेव्हा त्यालाच पाणी आणून दिलं. मग सगळे कागद बारीक फाडत बसले. त्यांच्या मोजक्या छपाईला आम्ही कंजूषपणा म्हणत असू. त्या दिवसानंतर म्हटलं नाही.

स्वतःच्या फजितीही ते सांगत. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एक मोठी स्क्रिप्ट शनिवारी चालू केली आणि भाचीच्या लग्नाला पैठणकडे गेले. सोमवारी येऊन बघतात तर पहिलंच पान पडद्यावर. तो प्रोग्राम एक पान भरलं की थांबून विचारत असे, पुढे जाऊ का? कुणीतरी बटण दाबलं की पुढे जाई. ‘बिचारं शनिवारपासून विचारत बसलं व्हतं,’ सर सांगत, ‘आन् हूं म्हणायला कोणी नाय.’ यावर ते स्वतः मोठ्याने हसत. आम्हीही हसायचो.

स्क्रिप्ट चालू असताना डोळे का मिटता, हेही मी विचारलं होतं. ‘बघत बसलं की हात शिवशिवतो,’ ते म्हणाले. ‘आन् दुसरं म्हंजी, आपलं काम झालेलं असतंय. आता त्याचं चालू. तेवढंच जरा निवांत.’

त्या दुपारी त्यांनी डबा खाल्ला. मेथीची भाजी होती, त्यातली थोडी मला दिली. तिमाही अहवालाची स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत एकदा वाचली, चालू केली, आणि खुर्ची मागे सरकवली. फरहाना मला काहीतरी सांगत होती. पंखा चालू होता. काम संपलं की संगणक बारीक आवाज करी, तसा तो झाला. सरांनी डोळे उघडले नाहीत.

‘सर, झालं,’ मी म्हणाले.

‘सोने दो ना,’ फरहाना पुटपुटली. ‘थके हुए दिखते आज.’

आम्ही थांबलो. चहा आला. फरहाना त्यांचा कप घेऊन गेली, कप टेबलावर ठेवला, ‘सर’ म्हणून खांद्याला हात लावला, आणि मग माझ्याकडे वळली. तिचा तो चेहरा मला विसरता येत नाही. मी धावत खाली दवाखान्यात गेले. डॉक्टर लगेच वर आले, सरांना खाली जमिनीवर घेतलं, पुष्कळ प्रयत्न केले. शेवटी म्हणाले, हृदय बंद पडलंय. कधी, ते नेमकं सांगता येणार नाही. आणि डॉक्टर वर आले तेव्हाही टेबलावरचा चहा गरम होता. वाफ येत होती.

दोन दिवसांनी डॉक्टरसाहेबांनी मला तिमाही अहवाल पाठवायला सांगितलं. सरांनी चालवलेल्या कामाची नोंद मी उघडली. प्रत्येक टप्पा कधी सुरू झाला, कधी संपला, किती बायका मोजल्या, किती वगळल्या आणि का, सगळं ओळीने होतं. एकही चूक नव्हती. सगळ्यात खाली, आपल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या शेवटी ते लिहीत ती ओळ: ‘काम झालं. बघून घ्या.’ मी ती नोंद पुन्हा वरपासून वाचली. मग पुन्हा. त्या खोलीत त्या वेळात घडलेलं सगळं तिच्यात असायला हवं होतं. एक माणूस गेला होता, आणि त्याची कुठे साधी खूणही नव्हती. मी काय शोधत होते हे फरहानाला कळलं असावं. तिने येऊन संगणकाचा पडदा बंद केला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, सरांना आदरांजली वाहून पाहुणे पांगले, आणि मग एका रविवारी मी सरांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, एकट्याच होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आवाज अजून वर्गातल्यासारखा खणखणीत. त्या दिवशी मात्र फार हळू बोलत होत्या. पाणी दिलं, समोर बसल्या.

‘एक विचारू का गं? खरं सांगशील?’

‘विचारा ना काकू.’

‘त्यांनी हाक मारली का?’

‘नाही.’

‘की मारली, आन् तुमाला ऐकू नाय आली?’

टेबलं अगदी जवळ आहेत, हळू हाक मारली असती तरी आली असती, असं मी म्हणाले. काकू मान हलवत राहिल्या, पण ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

‘रात्री झोपच नाय लागत बघ,’ त्या म्हणाल्या. ‘मी आलेय तुमच्या त्या खोलीत. त्यांचं ते चालू झालं की सगळे चिडीचूप. एवढीच गोष्ट डोक्यातून जाईना. दोन माणसं जवळ असून त्या गपगारात एकटेच गेले असतील.’

‘चिडीचूप नव्हतं, काकू,’ मी म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर घाबरले. पुढचं सांगावं की नाही कळेना. त्या माझ्याकडे बघत होत्या. ‘आम्ही हसत होतो.’

बाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती होत नव्हती.

‘हसत व्हता?’

‘हो. आधी हळू बोलत होतो. मग फरहानाने तिच्या मामूंची एक गोष्ट सांगितली आणि दोघींनाही आवरलं नाही. चांगलं मोठ्याने हसलो. सर रागावतील असं वाटलं, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा. ते तसेच बसले होते. रोजच्यासारखे.’

‘मंग त्यांना ऐकू गेलं असंल.’

‘ते मला माहीत नाही, काकू.’

‘गेलं असंल,’ त्या म्हणाल्या. जरा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. ‘पोरी हसायल्या की त्यांना लई बरं वाटायचं. घरी येऊन सांगायचे मला, आज फरहाना असं म्हणाली, तसं म्हणाली.’ मग त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. ‘काय गोष्ट व्हती?’

‘कुठली?’

‘मामूची. सांग की. मला त्यांनी सांगितली असती ना घरी येऊन.’

मग मी सांगायला लागले. फरहानाच्या मामूंकडे हैदराबादेहून पाहुणे आले होते. टेम्पो भरून. मामूंनी आठवडाभर आधीपासून सांगून ठेवलेलं, की वेरूळची लेणी मीच दाखवणार, मला तिथला दगडन् दगड माहीत आहे. मंगळवारी सकाळी बिर्याणीचं पातेलं, सतरंज्या, म्हाताऱ्या खाला, लहान मुलं, सगळ्यांना टेम्पोत घालून मामू निघाले—

‘मंगळवारी?’ काकूंनी मला मध्येच अडवलं. त्यांचा आवाज एकदम वर चढला, वर्गातल्यासारखा. ‘अगं, मंगळवारी तर वेरूळ बंद असतंय की!’