वन्संच्या कॉम्प्युटरवरून न जाणारा मेल

आज सकाळी वन्संनी निम्मे कपडे दोरीवर घातले, निम्मे पिळे बादलीत तसेच ठेवले आणि गॅलरीतच भिंतीला टेकून खाली बसल्या. हातात ह्यांचा सदरा, तोही एका बाहीला धरलेला. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले तर म्हणाल्या, "वहिनी, माझ्याबरोबर ऑफिसात येता का? एकटीला धीर होत नाही."

"आज? आज तर सुट्टी आहे."

"म्हणूनच."

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच असतात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत त्या टाइपरायटरच्या काळापासून नोकरीला आहेत. तक्रार आली की मेकॅनिकला पाठवायची, काम झालं की त्या त्या इमारतीच्या कप्प्यात ती लावून ठेवायची, हे त्यांचं काम. ग्राहकाचं एक पत्र त्यांनी कधी फेकलेलं नाही. स्वभाव मात्र भित्रा. गॅस बंद केलाय ना, म्हणून अर्ध्या जिन्यातून परत येतात. साहेबांनी नुसतं "ताई, जरा या" म्हटलं तरी आधी घोटभर पाणी पितात. आणि जन्म लिफ्टच्या कंपनीत गेला तरी स्वतः लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "तक्रारी मी वाचते, तुम्ही नाही." एरवी आम्ही यावर हसतो.

रस्त्यात त्यांनी मला सगळं सांगितलं. मागच्या आठवड्यात जाहिरातींचे मेल एकदम निवडून डिलीट करताना त्यात एका ग्राहकाचाही मेल गेला. वर विषय लिहिलेला नव्हता, लक्षात आलं नाही. परवा त्या गृहस्थांचा फोन आला. म्हातारा आवाज. "आमची लिफ्ट बिघडलीय म्हणून कळवलं होतं, अजून कोणी आलं नाही." वन्संनी शोधलं तर मेल डिलीटेडच्या कप्प्यात. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि तोंडातून निघून गेलं, "तुमचा मेल आलेलाच नाही. परत पाठवा."

"मग पाठवला का?"

"त्यांना येत नाही. मुलगी लिहून देते, ती गावाला गेलीय. आली की पाठवतील."

"आणि तोवर लिफ्ट?"

लेखी तक्रारीशिवाय मेकॅनिक हलत नाही, हा तिथला नियम. आणि जुना मेल पुढे पाठवावा तर त्यावरची तारीखच सांगणार की तो किती दिवस पडून होता. शिवाय त्यांनी साहेबांनाही सांगून ठेवलेलं, तसं काही आलेलं नाही. त्यात मेलबॉक्स तुडुंब भरल्यामुळे नवीन मेल अडकायला लागलेले, म्हणून उद्या सकाळी साहेबांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलंय. तो वन्संच्या खुर्चीत बसून डिलीटेडचा कप्पा उघडणार. त्याआधी कप्पा रिकामा करायचा, एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो.

ऑफिसात शिरल्यावर वन्संनी दार आतून लावलं, दिवा मात्र लावला नाही. खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात कॉम्प्युटर सुरू केला. मी शेजारच्या स्टुलावर बसले. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर काय मागावं तेच कळेना. तो मेल जावा म्हणून मागायचं, तर लिफ्टचं काय?

कप्पा रिकामा करायचं बटण वन्संनी दाबलं. एक चक्र फिरत राहिलं, थांबलं, सगळे मेल जिथल्या तिथे. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. प्रोग्रॅम बंद करून उघडला. मग अख्खा कॉम्प्युटर बंद करून उघडला. वन्संच्या बोटांना घाम सुटलेला, माउस हातातून निसटत होता. शेवटी त्यांनी कॉम्प्युटरवाल्यालाच फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

"मॅडम, सुट्टीच्या दिवशी? तुमचा पुतळा बसवायला पाहिजे ऑफिसात."

"कप्पा रिकामा होत नाहीये हो. उद्या तुमचा त्रास वाचावा म्हणून म्हटलं..."

"एकदम सगळं काढू नका, अडकतं ते. थोडे थोडे निवडा, शिफ्ट धरून डिलीट दाबा."

तसं केलं आणि मेल खरंच जायला लागले. गठ्ठ्यामागून गठ्ठा. गाद्यांच्या जाहिराती, कर्जाच्या जाहिराती, तोच तो मेल तीनदा आलेला. वन्संचा चेहरा जरा सैल झाला. मी पण श्वास सोडला. आणि शेवटी अख्ख्या रिकाम्या पडद्यावर एकच ओळ उरली. वन्संनी ती डिलीट केली. गेली. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच परत येऊन बसली.

मग माझ्या ध्यानात आलं. एवढ्या ढिगात त्या ओळीकडे उद्या कोणाचं लक्षही गेलं नसतं. आम्ही दोघींनी मिळून झाडून पुसून तिच्यासाठी जागा मोकळी करून दिली होती.

"एक राहिलाय," वन्सं फोनवर म्हणाल्या. आवाज ओळखू येईना.

"कोणाचाय? ग्राहकाचा असेल तर तो जायचा नाही. मालकांनीच तशी सोय करून घेतलीय, यादीतल्या ग्राहकाचा मेल कोणाला कायमचा पुसता येत नाही. त्याच्यामुळेच बटण अडकत होतं बघा. पण तुम्ही तर ग्राहकांचे मेल टाकत नाही ना कधी?"

"नाही," वन्सं म्हणाल्या.

"राहू दे मग. उद्या आल्यावर बघतो, कधी आला, कधी डिलीट झाला, सगळं कळतं."

वन्संनी फोन ठेवला. हात मांडीवर, बोटं एकमेकांत. "वहिनी, या वयात मला कोण ठेवून घेईल दुसरीकडे?"

काहीतरी करायचं म्हणून मी तो मेल उघडून वाचला. साधाच मजकूर होता. लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबते. कधी कधी दार उघडतं आणि लिफ्ट आलेलीच नसते. माझ्या पत्नीला नीट दिसत नाही, ती आधी काठीनं चाचपते आणि मगच पाऊल टाकते. कृपया लवकर माणूस पाठवावा.

"वन्सं, तुम्ही हा शेवटपर्यंत वाचलात?"

"परवा वाचला," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हापासून डोळा लागलेला नाही."

"आणि एखाद्या दिवशी ती काठी घरी विसरली तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असं वाटलं. मग फोन उचलून त्यांनी मेकॅनिकला लावला. त्याला सगळे पक्कडभाऊ म्हणतात.

"ताई, लेखी आलंय का? नाहीतर साहेब माझी पूजा बांधतील."

"आलंय. मागच्या आठवड्यातच. माझ्याकडून डिलीट झालं, आणि मी खोटं बोलले." हे बोलताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मजकूर ऐकल्यावर पक्कडभाऊंची थट्टा बंद झाली. "दार उघडतंय आणि केबिन नाही? ताई, मी पार दुसऱ्या टोकाला आहे, यायला वेळ लागेल. तुम्ही आधी त्यांना फोन करून सांगा, कोणी दाराजवळसुद्धा जायचं नाही."

वन्संनी त्या गृहस्थांचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. परत लावला. मी पदर घट्ट धरून बसले होते. तिसऱ्यांदाही कोणी उचलला नाही.

"झोपले असतील," मी म्हटलं.

"या वेळेला?"

वन्सं कॉम्प्युटरकडे वळल्या. तो मेल त्यांनी कप्प्यातून बाहेर काढला आणि साहेबांना पाठवला. वर एवढंच लिहिलं: हा मेल आला होता, चूक माझी आहे, मी जागेवर जाते आहे. मग पाठवायचं बटण दाबलं. गेला. या वेळी एका दमात गेला.

पक्कडभाऊंचा परत फोन आला. त्या इमारतीच्या वॉचमनकडे लिफ्टच्या खोलीची किल्ली असते, तिथला मेन स्विच पाडून कोणीतरी आत्ताच्या आत्ता लिफ्ट बंद करायला हवी.

"ती इमारत इथून जवळच आहे, मी जाते," वन्सं म्हणाल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही घरी जा. मुलं वाट बघत असतील."

मी दाराला कुलूप लावेपर्यंत त्या रस्त्यावर पोचल्या होत्या. फोन कानाला लावलेलाच होता, अजून कोणी उचलत नव्हतं. एक रिक्षा थांबवून वन्सं त्या इमारतीच्या लिफ्टचा मेन स्विच पाडायला गेल्या.