दोरी सांगते

देवबागला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, खेचायला मीही एका हाताने दोरी धरली. जो ओढेल त्याला माशांचा वाटा. लुंगी खोचलेला एक म्हातारा ताणलेल्या दोरीला टिचक्या मारत फिरत होता. त्याच्यापुढे मी अक्कल पाजळली: लोक आपले रिकामे कॉम्प्युटर आमच्या कंपनीला वापरायला देतात, आम्ही मोबदला देतो, पण काही जण काहीच न देता मोबदला उकळतात. त्यांना पकडायला आम्ही वीस इंजिनिअर दोन वर्षं डोकं आपटतोय.

"हात सगळेच लावतत," तो म्हणाला. "ओढता कोण, ता दोरी सांगता."

वाटे घालताना सगळ्यांना टोपलीभर बांगडे मिळाले. माझ्या तळहातावर त्याने एकच बोटभर तारली ठेवली. माझ्या दुसऱ्या हातातला मोबाईल तेव्हाही व्हिडिओ काढत होता.